रूथमावशींची टाळी

धडधाकट माणसाला कुणाच्या लुळ्या हाताचा हेवा वाटेल, असं तुम्हाला वाटतं का? मला वाटला. लहानपणापासून मी प्रभू येशूमुळे मिळणाऱ्या आनंदाची पत्रकं वाटत आलोय. तरी गेल्या रविवारी चर्चमध्ये गीत सुरू झालं, तेव्हा मी हाताची घडी घालून बसलो होतो. शेजारी रूथमावशी होत्या. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेलाय. त्यांनी डावा पुढे केला.

“काय रे, दोन-दोन हात रिकामेच? एक इकडे दे!”

माझ्या तळव्यावर टाळ्या देत त्या मोकळ्या गळ्याने गात राहिल्या. मी मात्र आतून जळत होतो. पत्रकं माझ्याजवळ होती आणि आनंद त्यांच्याजवळ. त्यांनी तो आजारातही येशूकडे मागितला होता. मी नुसताच वाटत सुटलो होतो.

येत्या रविवारी तुम्हीही घडी सोडा. शेजाऱ्याला एक हात द्या.