फक्कीसर

आमच्या कंप्युटर क्लासच्या मास्तरांच्या बोटांना खडूऐवजी फक्की लागलेली असायची, कबड्डीचं मैदान आखायची ती पांढरी भुकटी. पोरं त्यांना फक्कीसरच म्हणत. नव्वदीच्या अखेरीस मंचरला स्टँडमागं मी हा क्लास काढला, तेव्हा मला स्वतःला मशीन चालू-बंद करण्यापलीकडं काही येत नव्हतं. सर तळेघरचे, पुण्याहून डिप्लोमा करून आलेले.

लाईट गेली की बाकीचे क्लास सुटत. सर पोरांना मागच्या अंगणात नेत आणि एकाला एक लागून पाच चौकोन आखत. प्रत्येकात एक पोर, हातात आकडा लिहिलेली पाटी. "ही अ‍ॅरे, म्हंजे कंप्युटरात आकडे ठेवायची चाळ. नाव सगळ्यांचं एकच, घरं येगळी," असं म्हणून ते घरांना नंबर देत. शून्य, एक, दोन, तीन, चार.

शून्यातली पोरगी एकदा फुगली. "सर, मी शून्य व्हय?"

"अगं, नंबर म्हंजे सुरुवातीपास्नं किती घरं फुडं जायचं ते. तू दारातच हायेस. तुला कुठं चालायचंय?"

उशिरा आलेला एकजण शेवटच्या चौकोनाच्या पुढं जाऊन उभा राहिला, तर सर ओरडले, "आरं, आपली घरं पाचच! तू शेजाऱ्याच्या चुलीत पाय घातलास. कंप्युटर तुला आडवलंच असं न्हाई, पण भाकर त्या शेजाऱ्याची जळंल." पोरं लई हसली. पण पुढं मशीनवर बसल्यावर त्यातलं एकही पोर घरांबाहेर गेलं नाही.

मला मात्र हे अंगण खुपायचं. एक पालक भर स्टँडवर म्हणाले, "राव, पोरगी कंप्युटर शिकाया धाडली, ती तर ठिकरी खेळून येतीय." मी सरांना सांगितलं, अंगण बंद, प्रोग्रॅम फळ्यावर लिहा, पोरं पाठ करतील.

"भाऊ, पाठ करून पाच घरांचं जमंल," सर म्हणाले. "सहा दिली की पोरगं आडंल."

थोड्याच दिवसांत त्यांनी नारायणगावच्या एका क्लासला अर्ज केला, तोही मला सांगून. "तुमाला फोन यील. दोन शब्द बोला." पोरं आधीच म्हणत होती, सर जातील तिकडं आम्ही. सर गेले असते तर माझा क्लास ओस पडला असता.

फोन आला. माणूस कसा आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "स्वभावानं चांगला. पण कंप्युटर येत नाही. पोरांना खेळवून वेळ काढतो."

ती जागा गेली. माझं वाक्य मात्र तालुक्यातल्या सगळ्या क्लासवाल्यांत फिरलं. सरांना कुणी उभं करेना, आणि मी तोवर दुसरा मास्तर नेमला होता. गावी भातशेतीवर परतण्याआधी ते निरोप घ्यायला आले.

"भाऊ, तुमी बोलला व्हता ना?"

"बोललो," मी म्हणालो. ते माझ्या पाया पडले.

तेव्हाच्या कुणी क्लासवाल्यानं हे वाचलं तर नीट ध्यानात ठेवावं. सरांना कंप्युटर येत होता. आमच्या क्लासात तो फक्त त्यांनाच येत होता.

मागच्या वर्षी सर गेले. मी तळेघरला भेटायला गेलो. वहिनींनी मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर मात्र डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "तुमचं लई नाव काढायचं. म्हणायचं, नशीब न्हवतं, पन भाऊंनी माज्यासाठी शबूद टाकला व्हता."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान डोलावली. वहिनींनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.