गरम पाण्यावरचा तवंग

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं चार दिवस सायकल हाकली आणि माझा डावा गुडघा वाकेनासा झाला. दर रविवारी ताम्हिणीचा घाट चढणारा मी, सपाट रस्त्यानं मला पाडलं. अजून दोन दिवसांची वाट बाकी होती, आणि शेवटपर्यंत सायकलवरच जाणार असं मी पिरंगुटच्या चहाच्या टपरीवर जाहीर करून आलो होतो.

"दाजी, उद्या तुमी रेल्वेनं जावा," मेहुणा म्हणाला. "सायकल डब्यात चढवून देतो मी."

त्याच्या तोंडावर काळजी होती, पण आनंदही काही कमी नव्हता.

रेल्वे टळावी म्हणून त्याच विश्रांतीच्या दिवशी आम्ही नवराबायको आणि मेहुणा गरम झऱ्यांच्या हौदावर गेलो. ते पाणी सांध्यांना गुणकारी म्हणे. असेलही, पण त्यात माणसं होती. आमटीतल्या चकोल्यांसारखी पन्नासेक माणसं एकमेकांच्या घामात शिजत पडली होती. एकानं त्याच पाण्यानं नाक धुतलं. कुणाच्या तरी टाचेची पट्टी सुटून संथपणे प्रवासाला निघाली होती. मी तोंड वाकडं केलं.

"मी नाही उतरणार या खरकट्यात," मी म्हणालो.

"मग बसा रेल्वेत," बायको म्हणाली. "पाय हिकडं करा. आदी तेल लावते."

गरम पाण्याआधी तेल, हा तिच्या माहेरचा नियम. लसूण आणि ओवा घालून कढवलेलं तिळाचं तेल तिनं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आणलं होतं. हौदाकाठच्या बाकावर बसवून तिनं ते मांडीपासून घोट्यापर्यंत चोळलं. मी नाक मुठीत धरून उतरलो, डोळे मिटले. पाच मिनिटांत ऊब हाडापर्यंत गेली.

डोळे उघडले तेव्हा माझ्याभोवती कुणी नव्हतं. होता तो पिवळा तवंग. काळ्या पडलेल्या लसणाचा एक तुकडा घेऊन तो एका आजीबाईंच्या हनुवटीकडे सरकत होता. नासलेल्या दुधाचं पातेलं हुंगावं तसं त्यांनी हुंगलं. मघापासून मी जे तोंड करत होतो, तेच आता पन्नास जणांनी केलं होतं. खरं सांगतो, तो तवंग बघून मीही दोन पावलं मागं सरकलो.

मेहुणा पलीकडच्या काठावर आमची ओळख नसल्यासारखा छताकडे बघत होता.

शिट्टी गळ्यात अडकवलेली एक धिप्पाड बाई आली आणि तिनं मला साबण देऊन फवाऱ्याखाली पिटाळलं. बाहेर आलो की ती हुंगायची आणि बोटानं परत आत धाडायची. असं तीनदा झालं. कढत पाण्याचा तो सोटा चांगला अर्धा तास गुडघ्यावर बसला असेल. चौथ्यांदा बाहेर आलो तेव्हा हौद रिकामा करणं चाललं होतं आणि पंचे गुंडाळलेले पन्नास लोक मला वाट करून देत होते.

सकाळी गुडघा वाकला. मी सायकलवर टांग टाकली. मेहुण्यानं बराच वेळ नाकानं हवा चाचपली.

"चला दाजी," तो म्हणाला. "पण तुमी मागनं या. वारं समोरनं हाय."