सायकलीवरचं धानाचं पोतं

उदाराम पाणकराने आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची काडीसुद्धा उचलली नव्हती, हे कामठ्याच्या आसपासचं शेंबडं पोरही सांगेल. गावतलावाचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं आणि कुणाचं कधी तोडायचं, हे त्याचं काम. कुणाचंही पाणी तोडायच्या आधी तो दोन्ही शेतांवर जाऊन दोघांचं ऐकून घेई, मगच फावड्याला हात लावी. कापणी झाली की घरोघरचं सूपभर धान त्याच्या पोत्यात पडे. त्या धानावर त्याने लेकीला, भूमिकाला, गोंदियात शिकवलं. तिने तिथेच मुर्रीच्या रस्त्याला कम्प्युटरचं दुकान टाकलं, तेव्हा नारळही त्यानेच फोडला. राइस मिलवाल्यांना धान-तांदळाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ती बसवून देई, वर्षभर सांभाळी आणि त्याचे पैसे घेई. उदारामला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हुशार पोरीचा बाप म्हणून मान मात्र तो पुरेपूर घेई.

नात्यातल्या एका बारशाच्या पंगतीत त्याचा भाचा हिमांशू सहज बोलून गेला. नागपूरला कॉलेजात शिकणारा पोरगा, मनात काही काळंबेरं नाही. म्हणाला, "मामाजी, दीदीचं बरं हाय. ते सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट भेटते. कोणीबी घ्यावं, कोणालेबी द्यावं. दीदी त्याचेच पैसे घेते."

उदारामचा घास हातातच राहिला. पंगत अर्धी टाकून तो उठला आणि थेट दुकानात गेला. भूमिका टेबलाखाली वाकून वायरी जोडत होती.

"भूमिका, तू जे विकून राहिली, ते फुकट भेटते का?"

"हो बाबा, फुकटच हाय. पण..." ती हसली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

पोरगी नाही म्हणेल, निदान घाबरेल, असं त्याला वाटलं होतं. ती तर चक्क हसली. 'पण'च्या पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. घरी देवकाबाईने नवऱ्याला परोपरीने सांगितलं की आधी पोरीला नीट विचारा. पण अब्रूचं भूत डोक्यात बसलं की बायकोचं कोण ऐकतो?

सकाळी त्याने घरच्या बारीक धानाचं पोतं सायकलीला बांधलं आणि गुलाबचंदची मिल गाठली. भूमिकाचं हे पहिलं गिऱ्हाईक. चहाची वेळ होती. हमाल होते, ट्रकवाले होते, शेजारचे दोन मिलवालेही बसले होते, तीही भूमिकाचीच गिऱ्हाइकं. त्या सगळ्यांसमोर उदारामने टोपी काढून हात जोडले. पोरीने तुम्हाला फुकटची चीज विकली, हे धान ठेवून घ्या, म्हणाला.

गुलाबचंदने त्याला आत नेऊन बसवलं. तोवर बाहेरचे चहा संपवून, बातमी घेऊन निघूनही गेले होते.

"भाऊ, फुकट आहे हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं," गुलाबचंद म्हणाला. "माझ्या पोरानं फुकटात घेऊन बसवलंही होतं. ऐन सीझनमध्ये सगळं बंद पडलं, ट्रक दारात उभे. तिनं येऊन ते चालू केलं. मी पैसे त्याचे देतो."

पोतं तिथेच राहिलं आणि सायकल कशी घरी आली, ते उदारामला कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्या दोन्ही मिलवाल्यांनी भूमिकाचं काम बंद केलं. बापानेच कबूल केलं म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला? भूमिका घरी आली आणि आवाज न चढवता एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी साऱ्या मिलले सांगितलं. मले काऊन नाही विचारलं?"

जन्मभर दोन्ही बांधांवर जाणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोरीचं पाणी न ऐकताच तोडलं होतं. उदारामला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी तो रिकामी सायकल घेऊन मिलवर गेला, बरोबर चहाच्या वेळी. दिलेलं परत मागण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट त्याच्या लेखी दुसरी नव्हती. सगळ्यांच्या देखत त्याने पोतं मागितलं. पोरीने काही चोरलं नाही, चुकी माझी झाली, म्हणाला. कालच्या मिलवाल्यांपैकी एक हसला. फुकटच्या चीजेचे पैसे कायचे, असं त्याने विचारलं.

"तलावाचं पाणी मी बनवलं होतं का?" उदाराम म्हणाला. "तरी तुझ्या बापानं मले दरसाल धान देल्लं."

एका हमालाने पोतं उचलून सायकलीवर ठेवलं.

महिन्याभराने एक मिलवाला भूमिकाकडे परत आला. दुसरा अजून आलेला नाही. त्याच्या मिलसमोरून जाताना उदाराम अजूनही सायकलवरून उतरतो आणि फाटक मागे पडेपर्यंत पायी चालतो.