जीपमधले इलेक्टर

शिरपूरजवळच्या एका गावात मी नागरिकशास्त्र शिकवायचे, पण ते ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंतचं. अमेरिकेचं सरकार मला कुणी शिकवलं नव्हतं आणि आपल्याला ते कधी कुणाला शिकवावं लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

शाळेमागे राहणाऱ्या आबांची सून दोन मुलींना घेऊन वर्षभरासाठी अमेरिकेहून आली होती. मुली मराठी बोलायच्या, वाचता मात्र येत नव्हतं. म्हणून शाळेत न घालता त्यांना तिकडच्याच पुस्तकांवर घरी शिकवणं चाललं होतं. गणित-विज्ञान त्यांची आई, म्हणजे आमच्या वहिनी, घ्यायच्या, नागरिकशास्त्र माझ्या गळ्यात पडलं. वर्षअखेरीचा पेपर टपालाने तिकडे जाणार होता. त्यात थोरली नापास झाली, तर परतल्यावर तिला धाकटीच्याच वर्गात बसावं लागणार होतं. बारा वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठं संकट नसतं. ती ते सारखं बोलून दाखवायची.

सिनेट वगैरे कसंबसं निभावलं. गाडं अडलं ते राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपाशी. लोक मत देतात, पण त्यातून निवडले जातात ते इलेक्टर, आणि मग हे इलेक्टर राष्ट्राध्यक्ष निवडतात. धडा कितीदा वाचला, तरी मुलींपुढे बोलायला लागले की सगळा गोंधळ व्हायचा. थोरली माझ्या तोंडाकडे बघत बसलेली आणि मला घाम फुटलेला.

झोपाळ्यावरून आबा म्हणाले, "आपला सरपंच कसा व्हस? लोके मेंबर निवडतस, मेंबर सरपंच निवडतस. बठ्ठं तसंच शे."

तेव्हा सरपंच मेंबरच निवडायचे, सगळं खरंच तसंच होतं. माझा जीव भांड्यात पडला. मुलींनाही एका झटक्यात समजलं. आबांना मग चेव चढला. मेंबर फुटू नयेत म्हणून त्यांना जीपमध्ये कोंबून देवदर्शनाला कसं नेतात, धर्मशाळेत कसं डांबून ठेवतात, मतदानाच्या सकाळीच कसं आणून उभं करतात, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मुली हसून लोळल्या, मीही हसले. जीप फक्त आपल्याकडची, हे सांगायचं राहूनच गेलं.

वहिनींनी थोरलीला समोर बसवून पेपर लिहून घेतला आणि पाकीट पोस्टात टाकलं. संध्याकाळी मी चहाला गेले, तर थोरली खुशीत. "टीचर, सगळ्यात मोठा प्रश्न इलेक्टरांचाच होता. मी जीपचंपण लिहिलं. त्यांना देवळाजवळ लपवतात ते."

मी कप खाली ठेवला. ती खेळायला गेल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं "बघू" म्हणाल्या. मुलीला आम्ही काही कळू दिलं नाही. ती धाकटीला परतल्यावर आपला वर्ग कसा वेगळा असेल ते सांगत फिरायची, आणि मी पोस्टमन दिसला की गल्ली बदलायचे. माझ्यामुळे पोरीचं वर्ष गेलं तर काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात असायचं.

ती पास झाली. जीपच्या ओळींवर लाल रेघ होती, मार्क कापले होते आणि शेजारी लिहिलं होतं की असं काही होत नाही.

थोरली रुसली. "पण होतं ना, टीचर. आबा स्वतः गेलेत जीपमधून."

"इथे होतं," मी म्हटलं.

त्या परत गेल्या. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी माझ्या वर्गाला ग्रामपंचायतीचा धडा घेतला. सदस्य आपल्यातूनच सरपंच निवडतात, असं वाचून दाखवलं. खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील मेंबर होते आणि नुकतेच देवदर्शन करून आले होते.

"बाई, पेपरात जीपचं लिहायचं का?"

वर्गात कुणी हसलं नाही.

"नको," मी म्हटलं. "मार्क जातील."