एका चालीवर पाच गाणी

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, कारण आधी भांडणच झालं. अकोल्यात ऑटोवर वाजवायच्या जाहिराती तो रेकॉर्ड करतो. आमच्या गावची सरकारी शाळा बंद होणार होती आणि मोर्चासाठी मला गाणं हवं होतं. त्यानं एका कानात बोट घालून एका गाजलेल्या सिनेगाण्याची चाल गुणगुणली. तिच्यावर देवीचं गाणं झालं होतं, मग जयंतीचं, मग बियाण्याची जाहिरात आणि सध्या एका खासगी क्लासची.

"शाळा बुडवणाऱ्यांचीच चाल आम्ही घ्यायची?" मी तडकले.

"चिडता काहून, ताई? त्यायनं दोन महिने ऑटो फिरवून लोकायले चाल फुकटात पाठ करून देल्ली. तुमी फक्त शब्द घाला."

मी लिहून आणलेल्या गाण्याचा कागद पुढे केला. 'धोरणात्मक' या शब्दावर पेन्सिल टेकवून तो म्हणाला, "ह्याच्यावर कोणी नाचीन काय?" मग सगळं खोडून त्यानं लिहिलं, 'आमची शाळा आमाले पायजे'.

मोर्चात बायांनी पहिल्याच ओळीला सूर उचलला. माझी छापलेली पत्रकं कोणी मागितलीच नाहीत, याचा राग मला अजून आहे.

शाळेचा निर्णय लटकलेलाच आहे. पण क्लासचा ऑटो गावात शिरला, की पोरं त्याच्यामागे धावत आमचे शब्द गातात.