गोटीरामची अॅम्बेसेडर

जुनी गाडी हौसेनं विकत घेणाऱ्या माणसाला मी आधी गॅरेजबाहेरच्या बाकावर बसवतो, चहा पाजतो आणि विचारतो, घरी सगळं ठीक आहे ना? सातपूरमध्ये गॅरेज टाकून मला एवढी वर्षं झाली आहेत की गिऱ्हाइकाला टोमणा मारायचा आपल्याला हक्क आहे असं मी समजतो. बहुतेक जण हसतात. गोटीराम भोये हसला नाही. तो म्हणाला, घरी ठीक आहे, फक्त हात ठीक नाहीत.

गोटीराम हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. पोरवयात सातपूरला आला आणि ओतकामाच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागाला कडेनं पापुद्रे असतात, मध्येच गाठी असतात. हातातल्या ग्राइंडरनं ते सगळं घासून भाग गुळगुळीत करायचा, एवढंच त्याचं काम. जन्मभर तेच. दिवसभर हातात ग्राइंडर थरथरतो आणि ती थरथर हळूहळू बोटांत मुक्कामाला येते. थंडीच्या दिवसांत सकाळी त्याची बोटं खडूसारखी पांढरी पडायची. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, ग्राइंडर सोड, नाहीतर हात जातील. त्याच्या शर्टाची बटणं बायको, धोंडाबाई, लावून द्यायची. हे त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. लाजला वगैरे नाही. मलाच कुठं बघावं कळेना.

तर त्यानं ग्राइंडर सोडला आणि फंडाचे मिळाले तेवढे सगळे पैसे घालून ही अॅम्बेसेडर घेतली. दुधाच्या रंगाची, दारं धडधाकट, आतली सीट थेट सोफा. त्याचा हिशोब साधा होता. गंगापूर धरणावर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, त्यांना म्हणे जुनी गाडी लागते. वरातीलाही लागते. ठेकेदाराचा टेम्पो त्यानं पूर्वी चालवला होता, स्टिअरिंग धरायला बोटांत फार जीव लागत नाही. गाडी रस्त्यावर आली की ग्राइंडर पुन्हा हातात धरायचा नाही. त्याला गाडीचं वेड नव्हतं. त्याला फक्त ग्राइंडरपासून लांब जायचं होतं, आणि जायला हे एकच वाहन त्याला सापडलं होतं.

गाडी ओझरकडच्या एका द्राक्षबागाईतदाराची. म्हातारा वारला, मुलाला गोठ्यात जागा हवी होती, त्यानं विकून टाकली. विकताना सांगितलं, इंजिन कंपनीचं आहे, फक्त सुरू होत नाही. हे म्हणजे माणूस धडधाकट आहे, फक्त श्वास घेत नाही, असं झालं.

मी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. आत इंजिन होतं की देव्हारा, कळायला मार्ग नव्हता. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, गाड्या धुतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. काही हौशी लोक त्या दिवशी यंत्राला नवा रंगही मारतात. हा म्हातारा त्यातला. ट्रॅक्टरचा उरलेला निळा, पाण्याच्या पंपाचा हिरवा, फवारणीच्या यंत्राचा लाल, जो डबा हाती लागेल तो त्यानं दरवर्षी या इंजिनाला फासला होता. वर्षावर वर्षाचा दसरा त्या लोखंडाच्या अंगावर चढला होता. नट कुठला, नळी कुठली, सगळं एकजीव.

मी अॅम्बेसेडरच्या डिझेल इंजिनचा गॅसकेटचा संच आणला आणि हेडवर धरला. एकही भोक जुळेना. दोन दिवस मी त्या इंजिनाभोवती फिरत होतो. पंप नको त्या बाजूला, कव्हरची ठेवण वेगळी. शेवटी एका जुन्या टेम्पोवाल्याला बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, हे तर आमचं आहे. टेम्पोचं इंजिन. पूर्वी अशी अदलाबदल सर्रास चालायची. म्हाताऱ्यानं पेट्रोलचं काढून हे टाकलं असणार, आणि माणूस सरळ होता, कारण बदललेल्या इंजिनचा नंबर त्यानं रीतसर गाडीच्या कागदावर चढवून घेतला होता. म्हणजे कागदावरचा नंबर आणि इंजिनवर ठोकलेला नंबर जुळला की गाडी कायद्यानं शुद्ध. हे कळलं तेव्हा मला गोटीरामपेक्षा जास्त आनंद झाला. मी चहा मागवला.

चहा पोऱ्यानं थेट शेगडीवरून आणला होता. मी ग्लास वरच्या कडेला धरला तरी चटका बसला. गोटीरामनं बुडाला पूर्ण मूठ आवळून धरला होता आणि निवांत बोलत होता. मी म्हणालो, म्हशीचं कातडं आहे का रे तुझं? तो ग्लासाकडे बघून म्हणाला, "गरम हाय व्हय?" मी हसलो.

रोज सकाळी तो यायचा. त्याला काम काही देता येत नव्हतं. बारीक स्क्रू त्याच्या बोटांतून निसटायचे आणि मग आम्ही दोघं गाडीखाली शोधत बसायचो. तो झाडून काढायचा, डिझेलच्या बादलीत पार्ट बुडवून ठेवायचा. माझ्याकडे सायलेन्सर कापायला ग्राइंडर आहे. तो सुरू झाला की गोटीराम उठून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा, आणि आवाज थांबला की मुकाट परत यायचा. मी चिडवायचो, अरे तुझी सासू आली का रे? त्यावर मात्र तो हसायचा.

टेम्पोचे पार्ट मिळायला अवघड गेले नाहीत. नोझल साफ केले, गॅसकेट बसवली, डिझेलच्या नळीतली हवा काढली. एका दुपारी बटण दाबलं तर इंजिनानं आधी काळा धूर ओकला, मग दोनतीन उचक्या दिल्या आणि लागलं चालायला. काय तो आवाज, जणू दळणाची गिरणी. गल्लीतले लोक बघायला आले. धोंडाबाईला गोटीरामनं फोन करून नुसता आवाज ऐकवला. मग ती स्वतः आली, मागच्या सीटवर बसली आणि पदर सावरून म्हणाली, नवरीला ऐसपैस होईल. मी फार आशावादी माणूस नाही, पण त्या दिवशी मलाही वाटलं की याचं होईल. वाटलं, हे मी कबूल करतो.

आता फक्त पासिंग राहिलं होतं. जुन्या गाडीची नोंदणी वाढवून घ्यायची तर तपासणीत साहेब इंजिनचा नंबर डोळ्यांनी पाहतात आणि कागदाशी ताडतात. टेम्पोवाल्यानं नंबरची जागा दाखवली होती, पण ती जागा रंगाखाली पार बुजलेली. दुसऱ्या दिवशीची तारीख मिळाली होती. सकाळी मी रंग काढायचं औषध त्या जागेवर लावलं आणि गोटीरामला सांगितलं, फुगे आले की लाकडाच्या पट्टीनं हळूहळू खरवड, घाई करू नकोस. तेवढ्यात ओझरच्या रस्त्यावर एका गिऱ्हाइकाची जीप बंद पडल्याचा फोन आला आणि मी निघालो.

तिसऱ्या प्रहरी परत आलो तर गोटीराम बॉनेटपाशी उभा होता. अंगभर रंगाचा भुगा, भुवयासुद्धा निळ्या. माझा ग्राइंडर त्यानं वायर गुंडाळून जागेवर नीट ठेवला होता. तोंडावर असा आनंद होता की मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. एवढे दिवस फुकट चहा पिणाऱ्या माणसाला शेवटी आपल्या हातचं काम सापडलं होतं.

"औषधानं नाय निघाला," तो म्हणाला. "मंग मी काढला. बघा, कसा आरसा केला."

खरोखर आरसा केला होता. तळहाताएवढी जागा, कुठं खड्डा नाही, ओरखडा नाही, कड नाही. त्याच्या उमेदीतल्या कामासारखं काम. मी बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं. नंतर चष्मा पुसून पाहिलं.

"नंबर कुठाय?" मी विचारलं.

तो म्हणाला, नंबर नव्हताच खाली. मध्ये मध्ये थांबून अंगठा फिरवून बघत होतो. काही लागलं नाही. सगळं सपाट होतं.

ओतकामात हे लोक असंच बघतात. डोळ्यावर चष्मा, हवेत धूळ, बघून काही कळत नाही. मशीन थांबवायचं आणि उघडा अंगठा फिरवायचा. अंगठा म्हणाला सपाट, की सपाट. जन्मभर त्यानं अंगठ्याचं ऐकलं होतं. मला तो चहाचा ग्लास आठवला. माझ्या समजुतीनं त्याचे हात दुखत होते. ते दुखायच्या पलीकडे गेलेले आहेत हे मला माहीत नव्हतं, आणि तोपर्यंत बहुधा त्यालाही नव्हतं.

मी फार ओरडलो. जे तोंडाला येईल ते बोललो, त्याच्या खानदानापर्यंत गेलो. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "नाथाभाऊ, आता पुन्हा ठोकून देता नाय येणार?" मी म्हणालो, येतं की, आणि मग तुरुंगातही जाता येतं.

दुसऱ्या दिवशी तरीही आम्ही गेलो. साहेब चांगले होते, ते मी सांगितलंच पाहिजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्या चकचकीत जागेकडे बघत राहिले आणि म्हणाले, चोर हेच करतात हो. तुम्ही चोर नाही हे मला दिसतंय, पण मी लिहू काय? मूळ मालकाचा जबाब आणा, ज्या टेम्पोतून इंजिन काढलं त्याचे कागद आणा, प्रयोगशाळेचा अहवाल आणा. म्हाताऱ्याच्या मुलानं बिचाऱ्यानं लिहून दिलं. पण मूळ मालक वारलेला, टेम्पो कधीचा भंगारात वितळलेला. प्रयोगशाळेनं कळवलं की घासणी फार खोल गेली आहे, आकडे वाचता येत नाहीत. दुसरं इंजिन घालायचं तरी आधी या इंजिनचा निकाल लागायला हवा. फिरून फिरून आम्ही त्याच टेबलापाशी येत होतो. शेवटी मीच म्हणालो, गोटीराम, पुरे.

गाडी विकता येईना, कारण कागद अडकलेले. भंगारवालाही नंबर विचारतो. ती माझ्या गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवली आहे. महिन्यातून एकदा मी सुरू करतो. दोनदा बटण दाबावं लागत नाही, इतकं गुणी इंजिन आहे. त्याला नाव तेवढं नाही.

पावसाळा संपता संपता गोटीराम पुन्हा त्याच ठेकेदाराकडे लागला. ठेकेदार म्हणाला म्हणे, तुझ्या हातासारखा हात मिळत नाही. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याला ते कौतुक वाटलं की काय, मला कळलं नाही. धोंडाबाई आता बटणांच्या जागी टिचबटणं शिवून देते.

खंडेनवमीला तो आला. पिशवीत झेंडूची माळ, हळदकुंकवाची पुडी, नारळ. सकाळी कारखान्यात ग्राइंडरची पूजा करून आला होता. त्यानं गाडी धुतली, माळ घातली, आणि मग बॉनेट उघडून त्या गुळगुळीत जागेसमोर उभा राहिला. तिथं आता बारीक गंज धरला होता.

"नाथाभाऊ, खरं सांगा," तो म्हणाला. "इथं व्हता का नंबर?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी त्याचा अंगठा धरला. उजव्या कोपऱ्यात शेवटच्या आकड्याचं शेपूट तेवढं वाचलं आहे, नखाएवढं, जे मला मागाहून सापडलं. मला ते डोळे मिटून लागतं. मी त्याचा अंगठा त्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला, दाबून फिरवला.

"लागतंय?"

त्यानं डोळे मिटले होते.

"नाय," तो म्हणाला.

मग त्यानं त्याच अंगठ्यानं तिथं कुंकू लावलं. थोडं बाजूला लागलं. मी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला, आणि तो तळहाताकडे बघूनच त्यावर बोटं मिटत गेला. त्याची दुसरी पाळी होती, म्हणून तो थांबला नाही.