खुर्च्यांच्या दालनातली मामी

माझी मामी नदीकाठच्या जुन्या किल्ल्यात नोकरीला होती. किल्ल्यात आता राजे राहत नाहीत, गाण्याच्या मैफली आणि चित्रांची प्रदर्शनं होतात. मामीकडे खुर्च्यांचं दालन होतं. कोरीव पाठींच्या मखमली खुर्च्या, पुढे दोरी, आणि दिवसभर मामीचं एकच वाक्य, "बसायचं नाही हं, नुसतं बघायचं." आता ह्याला काय म्हणावं? खोलीभर खुर्च्या, आणि त्या राखणारी बाई दिवसभर उभी!

गुडघे कुरकुरायला लागले तशी मामीनं घरून स्टूल नेलं. व्यवस्थापकानं ते उचलून आपल्या खोलीत कोंडलं. राखणदार बसलेला पाहुण्यांसमोर शोभत नाही, म्हणे. मामी रडली नाही, हातापाया पडली नाही. तिनं दुसरं स्टूल नेलं. तेही गेलं.

मामा म्हणाला, "अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? नोकरी जाईल."

"जाऊ दे. गुडघे गेले तर तू मला उचलून फिरवणार आहेस का?"

मामाला स्वतःलाच उठताना भिंतीचा आधार लागतो.

तिसरं स्टूल गेलं त्या संध्याकाळी वरच्या सभागृहात मोठी मैफल होती. मामीनं दिलेल्या पासावर मीही गेले होते. मध्यंतरात माणसं खुर्च्या बघायला खाली आली, त्यांच्यामागून मी. बघते तर काय, दोरीपलीकडच्या सगळ्यात उंच खुर्चीत मामी ऐसपैस बसलेली! एक गृहस्थ खूश होऊन शेजारच्या खुर्चीकडे वळले, तशी मामी बसल्या जागेवरून कडाडली, "ओ साहेब, बसायचं नाही! नुसतं बघायचं."

लोक खो खो हसले. व्यवस्थापक धावत आला. "उठा आधी! नोकरी नकोय का?"

"हवीय ना. म्हणून तर करतेय. पण आज बसून करणार," मामी म्हणाली. "माझी तिन्ही स्टुलं तुमच्या खोलीत आहेत, हे सांगू का ह्या मंडळींना?"

सांगायचं काही उरलंच नव्हतं, तिचा आवाज जिन्यापर्यंत पोचला होता. मघाचे गृहस्थ म्हणाले, "अहो, द्या की बाईंचं स्टूल." आणखी दोघाचौघांनी त्यांची री ओढली. व्यवस्थापक लालबुंद होऊन गेला आणि स्वतःच्या हातांनी स्टूल घेऊन आला. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"ठेवा तिथं," मामी पाठ टेकत म्हणाली. "मैफल संपली की बसेन त्याच्यावर."